जुन्या मोटारसायकलचा करंट गेला? या चुका टाळा

मुंबईच्या पावसात जुनी गाडी बंद पडली, की 'कॉइल गेली' (म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी गुंडाळी निकामी झाली) हे निदान गाडीला हात लावण्याआधीच तयार असते. मग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून नवी कॉइल येते, बसवली जाते आणि गाडी तरीही किकला दाद देत नाही. वास्तविक कॉइल ही प्लगला ठिणगी देणाऱ्या साखळीतील बरीच टिकाऊ वस्तू आहे. किल स्विच (इंजिन बंद करण्याचे बटण), अर्थिंग (इंजिनाच्या धातूशी असलेली विजेची जोड), प्लग कॅप आणि पॉइंट (कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) यांतील दोष तिच्याआधी पाहावेत, कारण ते पाहण्यासाठी काहीच विकत आणावे लागत नाही.

प्लग बाहेर काढल्यावर ठिणगी दिसली म्हणून करंट ठीक आहे असे समजणे, ही सर्वांत फसवी चूक होय. सिलिंडरमधील दाबलेल्या मिश्रणातून ठिणगी उडण्यासाठी मोकळ्या हवेपेक्षा बराच जास्त व्होल्टेज लागतो, त्यामुळे बाहेर दिसणारी बारीक, तांबूस ठिणगी आत पडेलच असे नाही. ठिणगी निळसर, जाड आणि चटचट आवाज करणारी हवी. तपासताना प्लगचे अंग हेडच्या (सिलिंडरच्या वरच्या भागाच्या) उघड्या धातूला घट्ट टेकवावे, पण प्लगच्या भोकापासून दूर ठेवावे, कारण तेथून बाहेर पडणारी पेट्रोलची वाफ पेट घेऊ शकते. आरएक्स १०० किंवा स्प्लेंडरसारख्या सीडीआयच्या (पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक युनिट असलेल्या) गाडीत प्लग अर्थ न करता किक मारत राहिल्यास कॉइल किंवा सीडीआय युनिटच निकामी होण्याचा धोका असतो.

पॉइंट असलेल्या जुन्या बुलेटच्या मालकाकडे एक फुकटचे उपकरण असते, ते म्हणजे हेडलाइटच्या घरातील अँपिअर मीटर, आणि त्याकडे दुर्लक्ष करणे हीही चूकच. चावी चालू करून, डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधील दाब सोडणारी कळ) दाबून किक सावकाश खाली न्यावी. पॉइंट मिटले की काटा डिस्चार्जकडे झुकतो आणि उघडले की शून्यावर परततो. काटा हललाच नाही, तर कॉइलपर्यंत वीज पोहोचत नाही किंवा पॉइंटवर मळ बसला आहे. तो झुकलेलाच राहिला, तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कंडेन्सर (पॉइंटवर ठिणगी उडू न देणारा भाग) शॉर्ट आहे. चावी चालू ठेवून गाडी उभी करून गेल्यास आणि नेमके तेव्हा पॉइंट मिटलेले असल्यास, कॉइल तापते आणि बॅटरीही उतरते.

पॉइंट साफ करण्यासाठी हाताशी आलेला जाडाभरडा पॉलिश पेपर वापरू नये. त्याचे कण पृष्ठभागात रुतून बसतात आणि पॉइंट पुन्हा लवकर जळतात. बारीक पॉइंट फाइल हलक्या हाताने फिरवून, स्पिरिटमध्ये भिजवलेला कोरा कागद मधून ओढून काढावा, म्हणजे तेलाचा अंशही निघतो. बुलेटसाठी उघडलेल्या पॉइंटमधील गॅप ०.३५ ते ०.४० मिमी ठेवतात. तो फिलर गेजनेच (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावा, विडीच्या कागदाने किंवा अंदाजाने नव्हे. गॅप बदलला की टायमिंगही (ठिणगी पडण्याची वेळ) बदलते (गॅप वाढला तर ठिणगी लवकर पडते), म्हणून गॅपनंतर टायमिंग न तपासता पॉइंटचे झाकण बंद करणे म्हणजे अर्धेच काम होय. पॉइंटमध्ये उघडताना लख्ख ठिणगी उडत असेल आणि ते पुनःपुन्हा काळे पडत असतील, तर पॉइंट बदलण्याआधी कंडेन्सर बदलून पाहावा.

समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या, दमट हवेत आणखी एक दोष हमखास आढळतो: प्लग कॅपमधील स्क्रू गंजतो आणि कॉइलकडून येणाऱ्या तारेचे टोक हिरवे पडते. कॅप फिरवून काढावी, तारेचा सुमारे ५ मिमी तुकडा कापावा आणि कॅप पुन्हा घट्ट बसवावी. रात्री अंधारात इंजिन चालू करून पाहिले, तर तडे गेलेल्या तारेवर निळी रेघ नाचताना दिसते. तिला हात मात्र लावू नये.

गाडी थंड असताना व्यवस्थित चालते, तापल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होते, असे होत असेल तर थंड इंजिनावर मल्टिमीटर लावून काहीच हाती लागत नाही. कॉइल, कंडेन्सर किंवा मॅग्नेटोमधील (इंजिनाच्या फिरण्यातून वीज तयार करणाऱ्या भागातील) सोर्स कॉइल यांची मोजणी गाडी बंद पडल्या क्षणी, त्या गरम असतानाच करावी.