बेस ट्रम्पेट आणि मिरजेचा तंबोरा: ध्वनिमुद्रणापूर्वीची तयारी

बेस ट्रम्पेट, म्हणजे नेहमीच्या ट्रम्पेटपेक्षा खालच्या सप्तकात वाजणारा मोठा ट्रम्पेट, जॅझमध्ये फार थोड्या वादकांनी हाती घेतला. १९५० च्या दशकात वुडी हर्मन यांच्या बँडमध्ये वाजवणारे साय टफ हे त्यांतले ठळक नाव. असे दुर्मीळ वाद्य घेऊन मिरजेत तंबोऱ्याच्या साथीने ध्वनिमुद्रण करायचे असेल, तर तयारीचा बहुतेक वेळ सुरालाच द्यावा, असे माझे मत आहे.

सर्वप्रथम षड्ज ठरवावा. बेस ट्रम्पेट बी फ्लॅटचा असेल, तर कळ न दाबता निघणारे स्वर काळी पाचच्या (हार्मोनियमच्या पाचव्या काळ्या पट्टीच्या, म्हणजे बी फ्लॅटच्याच) षड्जावर उभे असतात, म्हणून पट्टी तीच ठेवणे सोयीचे. मात्र मर्दानी, म्हणजे खालच्या पट्टीच्या मोठ्या तंबोऱ्याच्या तारा इतक्या वर ओढल्यास तुटण्याचा धोका असतो. त्यामुळे जनानी, म्हणजे वरच्या पट्टीचा लहान तंबोरा निवडून तो तीन आठवडे आधी कारागिराकडे न्यावा, पट्टी स्पष्ट सांगून योग्य जाडीच्या तारा चढवून घ्याव्यात आणि जवारी काढून (तारांना गुंजन यावे म्हणून घोडी घासून) घ्यावी. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते याच कारागिरीमुळे, तेव्हा या कामात घाई करू नये. रचना मात्र मोडल, म्हणजे एकाच आधारस्वरावर फिरणारी निवडावी, कारण कॉर्ड सतत बदलत राहिल्या तर तंबोरा त्यांच्याशी भांडू लागतो.

याच कारणाने पियानोही टाळावा. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गांधार आणि बेस ट्रम्पेटचा पाचवा नैसर्गिक स्वर (कळ न दाबता निघणाऱ्या स्वरांच्या मालिकेतला पाचवा) एकाच जागी येतात, आणि ती जागा पियानोच्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे पियानोच्या दोन लगतच्या स्वरांमधील अंतराचा शंभरावा भाग) खाली असते. ट्यूनरची सुई 'उतरला' म्हणते म्हणून ओठांनी तो स्वर वर ढकलण्याची वादकाला सवय असते. ती सवय आधीच्या पंधरवड्यात, ट्यूनर बंद ठेवून आणि तंबोऱ्यासमोर लांब सूर धरून मोडावी. खालचा रिषभ वेगळाच त्रास देतो: पहिली आणि तिसरी कळ एकत्र दाबली की स्वर चढतो, म्हणून तिसऱ्या कळेची स्लाइड वाजवताना सहज सरकते का, हे वाद्य घेतानाच तपासावे. नळी ट्रॉम्बोनएवढी, सुमारे ९ फूट लांब, आणि माउथपीसही जवळपास तेवढेच असते. ट्रम्पेटवादकाच्या ओठांना त्याची सवय एका दिवसात होत नाही.

तापमानाचा विचार बहुधा राहून जातो. नळीतील हवा १० अंशांनी तापली, तर सूर तत्त्वतः जवळजवळ ३० सेंट चढतो, आणि त्याच उष्णतेने तंबोऱ्याच्या तारा सैलावून उतरतात. दोन्ही वाद्ये एकमेकांपासून दूर जातात. म्हणून ध्वनिमुद्रण पहाटे ठेवावे, ट्रम्पेट पंधरा मिनिटे वाजवून तापवावा, मगच त्याच्या सुराला तंबोरा मिळवावा आणि प्रत्येक दोन टेकनंतर (टेक म्हणजे मुद्रणाची एक फेरी) तारांमधल्या मण्यांनी सूर पुन्हा पाहावा.

मिरज मोठे जंक्शन असल्याने पहाटेच्या गाड्यांच्या वेळा लिहून जवळ ठेवाव्यात, पंखे बंद करावेत. तंबोरा शेजारच्या खोलीत स्वतंत्र माइकसमोर बसवावा. वादकाने हेडफोन एकाच कानाला लावावा, म्हणजे स्वतःचा सूर दुसऱ्या कानाने ऐकता येतो. ट्रम्पेटसाठी रिबन माइक (धातूच्या पातळ पट्टीने आवाज टिपणारा माइक) कर्ण्यापासून सुमारे एक मीटरवर, किंचित तिरका ठेवावा. तो जोडण्यापूर्वी मिक्सरमधून माइकला जाणारा ४८ व्होल्टचा पुरवठा बंद असल्याची स्वतः खात्री करून घ्यावी, कारण काही जुने रिबन माइक चुकीच्या जोडणीत त्याने बिघडू शकतात. सर्वांत मोठा आवाज उणे १० डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी लावावी.

व्हॉल्व्ह ऑइल, मऊ फडके, तंबोऱ्याच्या जादा तारा आणि जवारीचा सुती दोरा आदल्या रात्रीच एका पिशवीत भरावा. प्रत्येक टेकपूर्वी नळीतले पाणी काढून टाकावे. पहिल्या टेकआधी दोन मिनिटे केवळ तंबोरा आणि त्यानंतर अर्धा मिनिट खोलीची शांतता मुद्रित करून ठेवावी. संकलन करताना दोन टेक जोडायची वेळ आली, तर सांधा झाकायला तेवढेच हाताशी असते.