क्वीनचा पहिला अल्बम कसा ऐकावा

क्वीन हा इंग्लंडचा रॉक बँड इंदूरच्या मराठी घरांत अपरिचित नाही. मुलांना १९७५ च्या 'अ नाइट ॲट द ऑपेरा'वरचे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' पाठ असते, आणि बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथेच पियानो वाजवू लागला, हे मोठ्यांनीही कुठेतरी वाचलेले असते. मात्र १३ जुलै १९७३ रोजी निघालेला, नुसत्या 'क्वीन' याच नावाचा त्यांचा पहिला अल्बम सलग ऐकलेले लोक फार थोडे भेटतात. 'कीप युवरसेल्फ अलाइव्ह' ही त्यातली पहिली सिंगल, म्हणजे सुटे काढलेले गाणे, इंग्लंडच्या विक्रीच्या यादीतही चढली नाही, आणि पुढच्या यशाच्या झगमगाटात हा रांगडा, उत्कट अल्बम मागे पडला. तो नीट कसा ऐकावा, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

ऐकण्याआधी एक गोष्ट माहीत असावी, कारण तिच्याशिवाय या अल्बमचा आवाज असा का आहे हे उलगडत नाही. डिसेंबर १९७१ मध्ये लंडनजवळच्या वेम्बली येथील डी लेन ली या नव्या स्टुडिओला आपली यंत्रसामग्री तपासून पाहायची होती. तिथे मोठ्याने वाजवण्याच्या बदल्यात क्वीनला पाच गाण्यांचा डेमो, म्हणजे नमुन्यादाखलचे ध्वनिमुद्रण, करून मिळाला. प्रत्यक्ष अल्बमचे काम मात्र १९७२ मध्ये सोहोतल्या ट्रायडेंट स्टुडिओत झाले, आणि तेही पैसे भरणारे कलावंत निघून गेल्यावर उरलेल्या वेळात, बऱ्याचदा रात्री-अपरात्री. ट्रायडेंटची पद्धत अशी होती की ड्रम एका लहान कोठडीत ठेवून त्यांचा नाद दाबून टाकायचा. बँडला नेमके उलटे हवे होते. ड्रम खोलीभर घुमावेत, अशी त्यांची इच्छा होती. चालली मात्र स्टुडिओचीच पद्धत, म्हणून या अल्बमवरचे ड्रम, गोधडीखाली झाकून वाजवल्यासारखे, कोरडे आणि जवळ ऐकू येतात. काम संपल्यावरही रेकॉर्ड कंपनी मिळेपर्यंत बरेच महिने गेले.

सामग्रीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. फोनच्या स्पीकरवर हे संगीत ऐकू नये. इंदूरच्या जेल रोडवर मिळणारा साधा, वायरचा पण बरा हेडफोन पुरेसा आहे. इक्वलायझर आणि बेस वाढवण्याची सोय बंद ठेवावी. आवृत्ती मात्र नाव पाहून निवडावी. 'क्वीन' या नावाची २०११ ची रीमास्टर केलेली डिलक्स आवृत्ती म्हणजे १९७३ चेच मिश्रण, म्हणजे वाद्ये आणि आवाज एकत्र जुळवण्याची मूळ रीत, असून तिच्या शेवटी डी लेन लीचे पाचही डेमो जोडलेले आहेत. 'क्वीन १' या नावाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेली आवृत्ती ही मूळ फितींवरून पुन्हा केलेले मिश्रण आहे. सुरुवात २०११ च्या आवृत्तीपासूनच करावी, असे माझे ठाम मत आहे, कारण सुधारलेले आधी ऐकले की मूळचे केवळ उणे वाटू लागते.

पहिल्या वेळी दहाही गाणी क्रमाने, मध्ये न थांबता ऐकावीत आणि 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' मनात आणू नये. दुसऱ्या वेळी एकेका गाण्यापाशी थांबावे. 'डूइंग ऑल राइट' हे गिटारवादक ब्रायन मे आणि टिम स्टॅफेल यांचे, म्हणजे क्वीनच्या आधीच्या 'स्माइल' या बँडमधले गाणे. ते हळुवार सुरू होऊन एकाएकी कसे उसळते, ते पाहावे. 'मॉडर्न टाइम्स रॉक अँड रोल' ड्रमर रॉजर टेलर स्वतः गातो आणि दोन मिनिटांच्या आत संपवतो. सर्वाधिक वेळ 'माय फेअरी किंग'ला द्यावा. इथे मर्क्युरीचा पियानो पुढे येतो, एकावर एक रचलेले आवाज उंच चढत जातात, आणि पुढे ज्या समूहगायनासाठी हा बँड ओळखला गेला त्याची पहिली चाहूल लागते. लताबाईंच्या जन्मगावात राहणाऱ्यांना असे ऐकणे नवे नाही. त्यांच्या सुरुवातीच्या गाण्यांत नूरजहाँची छाया कुठे विरते आणि लता कुठे सुरू होते, हे आपल्याकडचे कान वर्षानुवर्षे शोधत आले आहेत. तीच सवय इथे उपयोगी पडते.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. या अल्बममध्ये कच्चेपणा दोन प्रकारचा आहे, एक वादकांच्या उमेदीतून आलेला आणि दुसरा खोलीने लादलेला, आणि ते वेगळे करता आले की अल्बम खऱ्या अर्थाने उघडतो. त्यासाठी 'लायर' संपताच येणारे 'द नाइट कम्स डाउन' लक्षपूर्वक ऐकावे. पहिले ट्रायडेंटचे आहे, तर दुसरे डी लेन लीच्या डेमोतूनच अल्बमवर घेतलेले आहे, त्यामुळे ड्रमभोवतीची हवा बदललेली जाणवते. त्यानंतर 'कीप युवरसेल्फ अलाइव्ह' तीन रूपांत लागोपाठ ऐकावे: डेमो, १९७३ चे मिश्रण आणि २०२४ चे मिश्रण. तिन्हींचा आवाज हाताने सारखा करून घ्यावा, कारण जे मोठ्याने वाजते ते कानाला नेहमीच सरस वाटते. डेमोची सुरुवात अकूस्टिक गिटारने होते. अल्बमवर त्या जागी दाबून खरडलेली विजेची गिटार येते आणि तिच्यावर गिटारींचे थर चढत जातात. २०२४ च्या मिश्रणात ड्रम मोकळे होतात. तिन्हींत जे तसेच राहते, म्हणजे गाण्याची घाई, मर्क्युरीच्या आवाजातली अधीरता आणि मे यांच्या गिटारीचा टोकदार सूर, ते त्या चौघांचे स्वतःचे. मला डेमो अधिक प्रिय आहे, तरी 'लायर'साठी मी १९७३ चेच मिश्रण लावतो. तिथली कोंडलेली खोली त्या गाण्याच्या संतापाला शोभते.

'क्वीन १'मध्ये 'मॅड द स्वाइन' हे त्या वेळी गाळलेले गाणे चौथ्या जागी परत आले आहे. ते धरून अल्बम पुन्हा एकदा ऐकावा आणि 'ग्रेट किंग रॅट'नंतरचा ताण कमी होतो की वाढतो, ते स्वतः ठरवावे.

अल्बमचा शेवट 'सेव्हन सीज ऑफ राय'च्या छोट्याशा, शब्दांविना तुकड्याने होतो. तो अपुरा वाटतो, कारण गाणे तेव्हा पूर्ण झालेले नव्हते. मार्च १९७४ च्या 'क्वीन २'च्या अखेरीस ते शब्दांसह पूर्ण येते, आणि इंग्लंडच्या पहिल्या दहांत पोहोचलेले त्यांचे पहिले गाणे तेच ठरले. म्हणून हा तुकडा संपताच 'क्वीन २' लावावा.