जुनी गाडी दोन इंच उचलल्यावर काय तपासायचं

दीड-दोन इंचाचा लिफ्ट (किट घालून गाडी उचलणं) किरकोळ वाटतो, पण जुन्या गाडीतले दमलेले बुश (सांध्यांतले रबरी तुकडे) आणि सैल सांधे तेवढ्यानेही आवाज करू लागतात. कामाआधी सपाट जमिनीवर चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर लिहून ठेवा. दोन इंचांच्या किटने तीन इंच वाढ दिसली, तर जुन्या स्प्रिंगा इंचभर बसल्या होत्या.

लिफ्ट बसला की सगळ्यात आधी ब्रेक होज, म्हणजे चाकाकडे ब्रेक ऑइल नेणारी लवचीक नळी, तपासा. चेसिस स्टँडवर घ्या, एक्सल पूर्ण खाली लटकू द्या आणि स्टीयरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. होज ताठ होत असेल तर लांब होज टाका. एबीएसची वायर आणि डिफरेन्शियलचा (एक्सलमधल्या गिअरांच्या पेटीचा) हवा सोडणारा ब्रीदर पाइपही तेव्हाच बघा.

मागच्या एक्सलला लोडनुसार ब्रेकचं प्रेशर ठरवणारा व्हॉल्व्ह असेल, तर तो हमखास विसरला जातो. बॉडी वर गेली की त्याला गाडी रिकामी वाटते, मागचं प्रेशर कमी होतं आणि भरलेली गाडी थांबायला जास्त अंतर घेते. एक्सलकडचं त्याच्या दांड्याचं ब्रॅकेट लिफ्टइतकंच वर घ्या.

ठरावीक स्पीडला फ्लोअर थरथरत असेल तर प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून एक्सलला ताकद नेणाऱ्या दांड्याचा) कोन मोजा. दोन क्रॉसच्या (वाकणाऱ्या सांध्यांच्या) शाफ्टला दोन्ही टोकांचे कोन जवळपास सारखे हवेत. पाट्यांच्या स्प्रिंगच्या गाडीत पाचर घालून पिनियन (एक्सलचं शाफ्ट जोडलेलं टोक) वर-खाली फिरवता येतो. जुन्या क्रॉसमध्ये बेअरिंगच्या सुयांनी एकाच जागी खाचा पाडलेल्या असतात. कोन बदलला की सुया खाचांच्या कडांवर चढतात, त्यामुळे कोन बरोबर असूनही थरथर राहते. अशा वेळी क्रॉसच बदला.

पुढे सॉलिड एक्सल आणि रेडियस आर्म (एक्सलला चेसिसशी जोडणारे लांब दांडे) असतील तर कास्टर, म्हणजे स्टीयरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, कमी होतो: वळणानंतर स्टीयरिंग आपसूक सरळ होत नाही आणि हायवेवर गाडी भरकटते. नुसतं टो अलाइनमेंट (चाकांची आत-बाहेर दिशा जुळवणं) करून हे जात नाही, ऑफसेट (भोक मध्यापासून सरकवलेले) बुश लागतात. पॅनहार्ड रॉडमुळे (एक्सल चेसिसला जोडणाऱ्या आडव्या दांड्यामुळे) एक्सल काही मिलिमीटर बाजूला सरकतो. त्यावर अॅडजस्टेबल रॉड.

टॉर्शन बारच्या (स्प्रिंगऐवजी पिळला जाणारा दांडा असलेल्या) गाडीत बोल्ट पिळून उंची मिळते, पण चाकाची खाली जाण्याची जागा तेवढीच घटते. चाकाचं खाली जाणं अडवणाऱ्या रिबाउंड स्टॉपरपाशी इंचभरही जागा उरली नाही तर प्रत्येक खड्ड्यात ठोका बसेल, शिवाय चाकाला ताकद देणाऱ्या सीव्ही जॉइंटचे रबरी बूट लवकर फाटतील. अशा गाडीत दीड इंचावर थांबलेलं बरं.

बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच पक्के आवळा, नाहीतर रबर पिळलेलं राहून फाटतं. एक्सल पाट्यांना बांधणारे यू-बोल्ट नवेच घ्या आणि 500 किलोमीटरनंतर पुन्हा टाइट करा. मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त वर गेली असेल तर हेडलाइटचा झोत खाली येतो, उलट असेल तर समोरच्याच्या डोळ्यांत जातो; तो भिंतीवर पाडून बसवा.