आधी आकाश बघा: हडसन रिव्हर स्कूलची चित्रं घेताना आणि विकताना

हडसन रिव्हर स्कूल म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन निसर्गचित्रकारांची परंपरा. थॉमस कोल, फ्रेडरिक चर्च, बीअरश्टाट, केन्सेट ही त्यातली नावं ज्यांना नवी नाहीत, मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या अमेरिकन विंगमध्ये जे पुन्हा पुन्हा जाऊन उभे राहिले आहेत आणि आता यातलं एखादं छोटं चित्र आपल्या भिंतीवर असावं, जमलं तर पुढे खरेदी-विक्रीही करावी असं ज्यांना वाटू लागलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. इथे न्यू जर्सीत कुणा मराठी घरी जेवायला गेलं की हमखास प्रश्न येतो, "यात पैसा आहे का हो?" आहे. पण तो अडकतो, आणि बराच काळ अडकतो. घराचा हप्ता आणि मुलांची कॉलेजं डोक्यावर असताना या धंद्यात उतरू नका. भिंतीवर वर्षानुवर्षं राहिलं तरी आनंदच होईल असं चित्र घेणार असाल, तर जरूर या.

मोठ्या नावांचं सोडून द्या. ड्युरँडचं 'किंड्रेड स्पिरिट्स' न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने २००५ साली विकलं आणि ते सुमारे साडेतीन कोटी डॉलरना आर्कान्सासच्या संग्रहालयासाठी गेलं. चर्चची तैलरेखाटनं तरी मिळतील म्हणावं, तर दोन हजारांहून जास्त रेखाटनं आणि अभ्यासचित्रं त्याच्या मुलाने १९१७ सालीच आजच्या कूपर ह्यूइट संग्रहालयाला देऊन टाकली. आपल्या आवाक्यात येतात ते विल्यम हार्ट, आर्थर पार्टन, विल्यम सॉनटॅग, न्यू हॅम्पशरच्या व्हाइट माउंटन्समधले बेंजामिन चँपनी असे दुसऱ्या फळीतले चित्रकार. यात कमीपणा काही नाही. चँपनीने नॉर्थ कॉनवेत बसून रंगवलेला एखादा हातभर कॅनव्हास मोठ्या नावाच्या थकलेल्या चित्रापेक्षा कितीतरी जिवंत असतो.

आता मुख्य गोष्ट. ही लांबवून सांगणार आहे, कारण मी इथेच अडकले आणि सुटायला वर्षं गेली. या चित्रांमध्ये किंमत असते ती आकाशाची. डोंगर, ओढा, पाणी पिणाऱ्या गाई सगळ्यांनीच रंगवल्या. गिफर्ड, केन्सेट, हीड यांना वेगळं करते ती हवा. दूरच्या डोंगरावरचा धुरकट प्रकाश, क्षितिजापाशी पिवळ्यातून गुलाबीत जाणारी छटा, हे सगळं अतिशय पातळ, पारदर्शक थरांनी उभं केलेलं असतं. गिफर्ड तर चित्र पूर्ण झाल्यावर त्यावर उकळलेल्या तेलासारख्या अर्धपारदर्शक द्रव्याचे हात पुन्हा पुन्हा द्यायचा, म्हणजे पाहणाऱ्याच्या आणि चित्राच्या मध्ये एक पडदा तयार व्हायचा. तो पडदा म्हणजेच त्याची संध्याकाळ.

मग विसावं शतक आलं. चर्च १९०० साली वारला तोवर या चित्रांची फॅशन केव्हाच संपली होती. पुढची कित्येक दशकं ती माळ्यावर, तळघरात, कोळशाच्या शेगडीवरच्या भिंतीवर पडून राहिली, काळवंडली. किंमत नसल्यामुळे ज्याने-त्याने ती साफ केली. पुढे भाव परत चढले तेव्हा लवकर विकली जावीत म्हणून पुन्हा साफ केली. चित्र म्हणजे देवघरातला तांब्या नव्हे, चिंच लावून घासला की उजळला. पिवळं पडलेलं व्हार्निश काढता काढता खालचा ग्लेझ, म्हणजे रंगाचा पातळ पारदर्शक थरही, निघून येतो, आणि तो कुणालाही परत बसवता येत नाही. वर जे दिसतं ते नंतर कुणीतरी भरलेलं निळं असतं.

मी घेतलेलं चित्र तळ्याकाठच्या संध्याकाळचं होतं. सही खरी, तारीख खरी, कॅनव्हासमागे न्यूयॉर्कच्या रंगविक्रेत्याचा शिक्कासुद्धा. विकायला नेलं तेव्हा लिलावघरातल्या बाईंनी सहीकडे पाहिलंही नाही. खिडकीशी नेऊन त्यांनी ते तिरकं धरलं आणि म्हणाल्या, "आकाश गेलंय." मला वाटत होतं त्या किमतीचा जेमतेम तिसरा हिस्सा त्यांनी अंदाज म्हणून लिहून दिला.

त्या चित्रासमोर मी पुढे पुष्कळ बसले आणि काय काय बघायचं असतं ते त्याच्याकडूनच शिकले. आकाशात अगदी जवळून बघा. कॅनव्हासच्या धाग्यांचे उंचवटे बारीक फिकट ठिपक्यांसारखे दिसत असतील तर रंग घासला गेलाय. मग झाडाच्या शेंड्याकडे या. बारीक फांद्या चित्रकाराने सहसा आकाश वाळल्यावर वरून काढलेल्या असतात, त्यामुळे सफाईत पहिला बळी त्यांचा जातो. फांदी मध्येच तुटते आणि दोन बोटं पुढे पुन्हा सुरू होते. मागच्या डोंगराची कड कात्रीने कापल्यासारखी टोकदार वाटतेय का? तिथला धूसरपणा गेला असणार. सगळ्यात चांगला साक्षीदार पाणी. आकाशात निळं आणि तळ्यात मात्र तांबूस, असं असेल तर मूळ संध्याकाळ तळ्यात उरलीय आणि वरची कुणीतरी पुसलीय. माझ्या चित्रात नेमकं हेच होतं.

अतिनील प्रकाशाचा टॉर्च घ्या, ३६५ नॅनोमीटरचा, आणि अंधाऱ्या खोलीत वापरा. जुनं नैसर्गिक राळेचं व्हार्निश हिरवट चमकतं आणि त्यावरचं नंतरचं रिटचिंग, म्हणजे दुरुस्तीसाठी भरलेला रंग, काळं-जांभळं उठून दिसतं. इथवर सगळेच सांगतात. कुणी सांगत नाही ते असं, की अतिनील प्रकाश अडवणारं व्हार्निशही मिळतं. त्याचा जाड हात दिला की सगळं चित्र एकसारखं हिरवं चमकतं आणि खालचं काहीच दिसत नाही. त्यामुळे दीडशे वर्षांचं चित्र टॉर्चखाली अगदी निष्कलंक दिसलं तर खूश होऊ नका. दिवा बाजूने तिरका पाडून बघा, भिंग घ्या, आणि तरीही शंका राहिली तर कॉन्झर्व्हेटरला, म्हणजे चित्रं दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाला, पैसे देऊन दाखवा. अमेरिकन इन्स्टिट्यूट फॉर कॉन्झर्व्हेशनच्या यादीत तुमच्या भागातले लोक सापडतात. त्यांची फी वाचवायला जाऊ नका. हे मी कळकळीने सांगतेय.

एवढं वाचून घाबरलात तर तेही बरोबर नाही. या वयाच्या जवळजवळ प्रत्येक चित्राला काही ना काही दुरुस्ती झालेलीच असते. फ्रेमच्या कडेला घासलेलं असणं, पुढच्या खडकांत नाण्याएवढं रिटचिंग, मागून दुसरा कॅनव्हास चिकटवून केलेलं लायनिंग, यातलं काहीही एकटं असेल तर चित्र सोडू नका. गरम इस्त्रीने लायनिंग करताना रंगाचे उंचवटे चेपले गेलेत का, मेणाने सगळं काळवंडलंय का, एवढं बघा. किती इंच दुरुस्ती आहे याहून ती कुठे आहे हे महत्त्वाचं. खडकात चालते. सूर्याभोवती चालत नाही.

सहीबद्दल थोडक्यात. एकोणिसाव्या शतकातली जर्मन, स्विस, डॅनिश निसर्गचित्रं ढिगाने आहेत, आणि त्यांवर नंतर अमेरिकन नाव टाकून विकण्याचा उद्योग जुना आहे. बीअरश्टाट स्वतः ड्युसेलडॉर्फला शिकलेला, त्यामुळे तिथल्या कुणाही विद्यार्थ्याचे आल्प्स त्याच्या नावावर खपवता येतात. सहीचा रंग व्हार्निशवर बसलाय का, तडे गेलेल्या जागी तो तड्यात उतरलाय का हे भिंगातून दिसतं. तडा सहीनंतर पडला असेल तर सही तिथे तुटायला हवी, तिचा रंग तड्यात भरायला नको. कॅटलॉगमध्ये 'साइन्ड' लिहिलंय की 'बेअर्स सिग्नेचर' हे नीट वाचा. दुसऱ्याचा अर्थ असा की सही चित्रावर आहे, पण लिलावघराच्या मते ती दुसऱ्या कुणाच्या हातची आहे. आणि चित्रकाराच्या नावाला निदान हमी तरी असते. मोठी लिलावघरं चित्र त्याच चित्रकाराचं असल्याची हमी साधारण पाच वर्षं देतात. अवस्थेची हमी मात्र कुणीच देत नाही, माल जसा आहे तसा घ्यायचा. कंडिशन रिपोर्ट, म्हणजे चित्राच्या अवस्थेचा अहवाल, नेहमीच कॅटलॉगात नसतो, मागावा लागतो. मागितला की फुकट देतात.

फोनवर फोटो बघून बोली लावणं हा मला अजिबात न पटणारा शॉर्टकट आहे. फोटोत घासलेलं आकाश स्वच्छ आकाशासारखंच दिसतं, किंबहुना जास्त छान दिसतं. तसंच ते गुप्तधन शोधण्याचं वेड. चर्चचं 'द आइसबर्ग्ज' मँचेस्टरजवळच्या एका इमारतीत विस्मरणात पडून होतं आणि १९७९ मध्ये पंचवीस लाख डॉलरना विकलं गेलं, हे खरं आहे. इंडियानातल्या एका माणसाने भिंतीतलं भोक झाकायला टांगलेलं चित्र हीडचं निघालं आणि १९९९ मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयाने ते साडेबारा लाखांना घेतलं, हेही खरं. पण नवी माणसं या दोन गोष्टी ऐकून शनिवार-रविवार गराज सेल पालथे घालतात आणि तोच वेळ त्यांनी हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियममध्ये, चर्चच्या ओलाना या घरी किंवा कॅट्सकिलच्या कोलच्या घरी घालवला असता तर डोळा तयार झाला असता. मेट्रोपॉलिटनमध्ये केन्सेटच्या शेवटच्या उन्हाळ्यातली चित्रं आहेत, १८७४ साली त्याच्या भावाने दिलेली. ती नीट बघा. चांगलं आकाश कसं असतं हे एकदा डोळ्यात बसलं की वाईट आकाश आपोआप खटकू लागतं.

गुरू कुणाला करायचं? डीलरला करू नका. पुष्कळ डीलर मनापासून प्रेमाने शिकवतात, मलाही शिकवलंय, पण ज्याला माल विकायचा आहे तो 'हे घेऊ नका' कधी म्हणतो ते मोजत राहा. कधीच म्हणत नसेल तर तो गुरू नाही. मला जे काही येतं त्यातलं बरंचसं एका वयस्कर कॉन्झर्व्हेटर बाईंच्या टेबलाशी उभं राहून आलं. आणि कागद वाचायची सवय लावा. नॅशनल अकॅडमी ऑफ डिझाइनच्या वार्षिक प्रदर्शनांच्या छापील नोंदी आहेत. गिफर्ड गेल्यावर मेट्रोपॉलिटनने काढलेल्या यादीत त्याची सातशेहून अधिक चित्रं आहेत. न्यूयॉर्कची फ्रिक आर्ट रिसर्च लायब्ररी आहे. तिथे बसून एका चित्राचा माग काढण्यात जे सुख आहे ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

काय घ्यावं असं विचाराल तर माझं मत स्पष्ट आहे. या परंपरेतल्या स्त्रिया, सुझी बारस्टो, ज्युली हार्ट बीअर्स, यांच्याकडे बाजाराचं लक्ष फार उशिरा गेलं आणि त्यांची छोटी चित्रं अजूनही मनापासून शोधण्यासारखी आहेत. दुसरं नाव लॉकवुड डी फॉरेस्ट. चर्चचा नातलग आणि शिष्य. १८८१ मध्ये त्याने अहमदाबादला हठीसिंग कुटुंबाबरोबर लाकडी कोरीवकामाचा कारखाना सुरू केला, त्यामुळे भारतीय माणसं त्याला ओळखतात ती फर्निचरमुळे. पण त्याची तळहाताहून जराशी मोठी तैलरेखाटनं बघा. बाजारात ती अधूनमधून येत राहतात. झटक्यात केलेली असल्यामुळे ग्लेझचे थर कमी, म्हणून सफाईत वाट लागण्याची शक्यताही कमी.

विकण्याचं गणित मात्र कोरडं आहे, आणि ते घेण्याआधीच करा. समजा लिलावात हातोडा दहा हजारांवर पडला. वर २५ टक्के बायर्स प्रीमियम, म्हणजे घेणाऱ्याने लिलावघराला द्यायचा आकार, धरा, काही ठिकाणी याहून जास्त असतो. तुम्ही दिले साडेबारा हजार, विक्रीकर वेगळा. तेच चित्र पुन्हा दहा हजारांनाच विकलं तर कमिशन, विमा, फोटो, वाहतूक जाऊन तुमच्या हातात नऊ हजारांच्या आसपास येतात. म्हणजे भाव जागच्या जागी राहिला तरी साडेतीन हजार गेले. २००८ नंतर मधल्या दर्जाच्या चित्रांचे भाव तर खाली आले आहेत. अंदाज कमी ठेवायला घाबरू नका. जास्त अंदाज लावून चित्र न विकता परत आलं की ती नोंद सगळ्यांना दिसते आणि काही वर्षं त्याला कुणी हात लावत नाही.

गॅलरीत विक्रीसाठी ठेवणार असाल तर एक कागद विसरू नका, यूसीसी-१, म्हणजे त्या चित्रावर तुमचा हक्क असल्याची सरकारदरबारची नोंद. चित्र तिथे पोहोचण्याआधी तो दाखल करा आणि गॅलरीला कर्ज दिलेल्या बँकेलाही कळवा. नाही केलं आणि गॅलरी बुडाली, तर तुमचं चित्र तिचं कर्ज फेडायच्या मालात धरलं जाऊ शकतं. २००७ साली न्यूयॉर्कची सॅलँडर-ओ'राइली गॅलरी दिवाळखोरीत गेली तेव्हा विक्रीसाठी दिलेली कितीतरी चित्रं कज्ज्यात अडकली. ओळखीचा माणूस आहे, कागद मागायला संकोच वाटतो, हे मला पूर्ण समजतं. आपल्याकडे तो संकोच जरा जास्तच असतो. तरीही मागा. प्रामाणिक गॅलरीवाला रागावत नाही.

आणि नफा झालाच तर कर. वर्षभराहून जास्त काळ जवळ ठेवलेल्या चित्राच्या नफ्यावर अमेरिकेच्या केंद्र सरकारचा कर २८ टक्क्यांपर्यंत जातो, शेअरपेक्षा जास्त. एक चित्र देऊन दुसरं घेतलं की कर पुढे ढकलायची सोय होती, ती २०१८ पासून चित्रांना उरलेली नाही. त्यामुळे खरेदीची पावती, कॉन्झर्व्हेटरचा अहवाल आणि त्याचं बिल पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये ठेवा. कराचा हिशेब करणारा सीपीए तेच मागतो, आणि पुढचा घेणाराही.