ग्रीन कार्ड तुमचं, बायको पुण्यात: वाट किती बघायची?

अमेरिकेचं ग्रीन कार्ड हातात पडलं की आई गावभर सांगत सुटते, "आता आमचा सेटल झाला," आणि स्थळं यायला लागतात. पुढच्या सुट्टीत लग्न उरकून टाकू, असं ठरवण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. एच-१बी (नोकरीचा तात्पुरता व्हिसा) वर असलेल्याची बायको एच-४ (जोडीदाराचा व्हिसा) वर येऊ शकते. ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोला ती सोय नाही. तुमचा एच-१बी संपला की एच-४ ची वाटही बंद. (बायको इथे आणि नवरा तिकडे असेल तरी नियम तेच.)

म्हणून लग्न ठरलंय पण ग्रीन कार्ड अजून यायचंय, अशांनी आधी तारखा बघाव्यात. ग्रीन कार्ड मंजूर होण्याच्या आधी, अगदी एक दिवस आधी का होईना, कायदेशीर लग्न झालेलं असेल तर बायकोला 'फॉलो टू जॉइन' (तुमच्या मागोमाग येण्याची सोय) लागू होतं. म्हणजे तुमचीच नोकरीची कॅटेगरी आणि तुमचीच प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतला नंबर ठरवणारी तारीख. मेख एवढीच की भारतासाठीची कटऑफ तारीख (जिच्या आधीची प्रायॉरिटी डेट असेल त्यांचाच नंबर लागतो) पुन्हा मागे सरकली तर ती पुढे येईपर्यंत बायकोही अडकते. घरच्यांना मुहूर्त दिवाळीनंतरचाच हवा असेल तर आधी रजिस्टर लग्न करून घ्या. मात्र विशेष विवाह कायद्यात ३० दिवसांची नोटीस लागते. तिकीट काढून गेलात आणि चार दिवसांत सही करून आलात, असं होत नाही.

लग्न ग्रीन कार्डनंतर झालं असेल तर तुम्ही एफ-२ए मध्ये, म्हणजे ग्रीन कार्डवाल्यांच्या जोडीदारांच्या आणि मुलांच्या रांगेत. तुम्ही आय-१३० (बायकोसाठीचा अर्ज) भरायचा. तो यूएससीआयएसकडे (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे) पोचला ती तारीख म्हणजे तुमची प्रायॉरिटी डेट. त्यामुळे हनिमूनचे फोटो लावत बसण्याआधी विवाह नोंदणी कार्यालयातून 'नमुना ई'चं प्रमाणपत्र मिळवा आणि अर्ज ऑनलाइन टाका. पुरावे जमतील तसे नंतर जोडता येतात, गेलेली तारीख मात्र परत मिळत नाही.

किती वर्षं लागतात? तुमच्या चुलतभावाला विचारू नका. जुलै २०१९ ते मार्च २०२३ या काळात एफ-२ए ला रांगच नव्हती. तेव्हा लग्न झालेले लोक आजही "काही नसतं रे, लगेच होतं" असं छातीठोकपणे सांगतात. एप्रिल २०२३ च्या व्हिसा बुलेटिनमध्ये (कुठल्या रांगेत नंबर कुठवर आला हे सांगणाऱ्या सरकारी पत्रकात) कटऑफ तारीख लागली, तीही थेट सप्टेंबर २०२० ची. तेव्हापासून हिशेब महिन्यांचा नाही, वर्षांचा. बुलेटिन दर महिन्याला येतं. त्यातली तारीख कधी झपझप पुढे सरकते, कधी महिनोन्‌महिने ढिम्म हलत नाही. सरकारी वर्ष ऑक्टोबरला सुरू होतं आणि नवा कोटा तेव्हा खुला होतो.

त्यातल्या त्यात बरी गोष्ट अशी की ईबी-२, ईबी-३ मध्ये (नोकरीवरच्या ग्रीन कार्डच्या रांगांमध्ये) भारतीयांना जे भोगावं लागतं ते इथे नाही. एफ-२ए चे ७५ टक्के व्हिसा देशवार मर्यादेतून वगळलेले असतात. आणि आय-१३० मंजूर व्हायला लागणारा वेळ आणि तारखेची वाट, ही दोन्ही घड्याळं एकाच वेळी चालतात. त्यांची बेरीज करून उगाच हबकून जाऊ नका.

खरी सुटका नागरिकत्वात आहे. ग्रीन कार्डला पाच वर्षं व्हायच्या ९० दिवस आधी एन-४०० (नागरिकत्वाचा अर्ज) भरता येतो. शपथ झाली की बायको 'इमिजिएट रिलेटिव्ह' (नागरिकाची जवळची नातलग, जिला रांग नाही) होते आणि तारखेचा प्रश्नच संपतो. फक्त नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत लगेच पाठवा. आय-१३० प्रलंबित असेल तर यूएससीआयएसला, मंजूर झाला असेल तर नॅशनल व्हिसा सेंटरला (मंजूर अर्जांचं पुढचं काम बघणारं कार्यालय). मधल्या काळात मूल झालं असेल तर त्याच्यासाठी वेगळा आय-१३० लागतो, कारण एफ-२ए मध्ये ते आईच्या अर्जात येतं, नागरिकाच्या अर्जात येत नाही. हे फार जणांना ऐनवेळी कळतं. आणि एकटेपणाला कंटाळून सहा महिन्यांहून जास्त सलग भारतात राहू नका, नागरिकत्वाच्या मोजणीत खंड पडू शकतो. वर्षातून दोन-तीन छोट्या फेऱ्या परवडल्या.

"तोपर्यंत टुरिस्ट व्हिसावर येऊ दे की," हा सासूबाईंचा सल्ला. अर्जात सरळ प्रश्न असतो, तुमच्यासाठी कुणी इमिग्रंट पिटिशन (म्हणजे आय-१३० सारखा अर्ज) भरलंय का? उत्तर 'हो'च द्यायचं, आणि मग व्हिसा मिळणं कठीण. खोटं बोललात तर ग्रीन कार्डवरच पाणी. तिला स्वतःच्या नोकरीवर एच-१बी किंवा एल-१ (कंपनीतल्या बदलीचा व्हिसा) मिळत असेल तर मात्र बिनधास्त घ्या. त्या व्हिसांना हा अडथळा नाही.

वाट बघण्याच्या काळात कागद नीट करा. आपल्याकडचा घोळ ठरलेला असतो: दहावीच्या सर्टिफिकेटवर मधलं नाव वडिलांचं, नव्या पासपोर्टवर नवऱ्याचं, आणि जन्मदाखल्यावर नावाचा रकानाच कोरा. महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन दाखल्यावर नाव चढवून घ्या, त्याला वेळ लागतो. लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव एकाच बाईचं, हे दाखवणारा कागद हाताशी ठेवा. पासपोर्टवर नाव बदलायची घाई नसेल तर बदलूच नका, असं माझं मत. लग्नपत्रिका, विमानाची तिकिटं, एकमेकांना पाठवलेल्या पैशांच्या नोंदी जपून ठेवा.

पोलीस क्लिअरन्स आणि मेडिकल मात्र आधीच उरकून ठेवू नका. दोन्हींना मुदत असते. मुलाखत मुंबईत बीकेसीच्या अमेरिकन वाणिज्य दूतावासात लागेल, तिचं पत्र आलं की मेडिकलची वेळ घ्या.