परदेशी अश्रुधुराची फाईल : टिपणी लिहिण्याआधी

पोलिसांच्या खरेदी शाखेत नव्याने रुजू झालेली मुलं अजून फोन करतात. "मॅडम, परदेशी कंपनीचं दरपत्रक आलंय, टिपणी कुठून सुरू करू?" मी सांगते, दरपत्रक बाजूला ठेव आणि आधी साधन जिथे वापरलं जाणार ती जागा बघून ये.

नाशकात ती जागा म्हणजे रामकुंड, सरदार चौक, पंचवटीतल्या उतरत्या गल्ल्या. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थात इथे चेंगराचेंगरी झाली, ३९ भाविक गेले. ते दंगलखोर नव्हते, स्नानाला आले होते. अशा गर्दीला पांगायला वाटच नसते, तिच्यात अश्रुधुराचं नळकांडं पडलं तर माणसं एकमेकांना तुडवतील. त्यात सिंहस्थाची मुख्य स्नानं पावसाळ्यात येतात. अश्रुधुरातलं सीएस हे रसायन खरं तर वायू नाही, बारीक भुकटी आहे. ओल्या अंगाला ती चिकटते आणि जास्त जाळते. म्हणून मागणीपत्रात 'गर्दी नियंत्रण साहित्य' असा एकच मोघम शब्द आला की मी तो परत पाठवायची. दंगलीसाठी काय हवं आणि यात्रेसाठी काय हवं, हे वेगळं लिहून आणा. यात्रेसाठी बॅरिकेड, स्पष्ट ऐकू येणारे ध्वनिक्षेपक आणि टेहळणीचे मनोरे लागतात, आणि ते आपल्याकडेच मिळतात.

दुसरा प्रश्न, परदेशातून कशाला? ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचा अश्रुधूर कारखाना १९७६ पासून आहे. तिथे मिळणारी वस्तू बाहेरून मागवायची असेल, तर आपल्या विनिर्देशांत, म्हणजे साधनाच्या ठरवलेल्या तांत्रिक अटींत, तिचं नेमकं काय कमी पडतं ते टिपणीत लिहावं लागेल. 'दर्जा चांगला' एवढ्यावर लेखापरीक्षक थांबत नाही, थांबूही नये.

मग पैसा कोणाचा ते पाहा. राज्याच्या खरेदीला १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाची नियमपुस्तिका आहे. केंद्राच्या वित्तीय नियमांत २०२० पासून २०० कोटींपर्यंत जागतिक निविदा काढायला मनाई आहे, अपवादाला वरची मंजुरी लागते. भारताला लागून जमिनीची सीमा असलेल्या देशातल्या बोलीदाराला आधी नोंदणी करावी लागते. जुलै २०२० चा हा आदेश राज्यांनाही लागू आहे. भारतीय एजंट पुढे असला तरी माल बनवणारा कोण, हे उत्पादकाच्या अधिकारपत्रावरून तपासा. एकाच निविदेत एजंट आणि त्याची मूळ कंपनी दोघांचीही बोली घेऊ नका.

विनिर्देशांवर वेळ घालवा, दोन दिवस जास्त गेले तरी चालतील. रसायन कोणतं, किती, नळकांडं किती तापतं, आग लावू शकतं का, गोळी किती अंतराच्या आत झाडायची नाही, हे आकड्यांत मागा. एकाच वेळी अनेक छर्रे फेकणारी साधनं नेम धरू शकत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत त्यांचा वापर टाळायला सांगितलं आहे. ते वाक्य मी फाईलला जोडायला लावते, कारण छर्रा डोळ्यात गेला की चौकशी आपल्या विनिर्देशापर्यंत येते. यावी.

आता खास परदेशी भाग. बोली डॉलर, युरो, पौंड अशा वेगवेगळ्या चलनांत येतात. तुलना रुपयांतच करा, आणि कोणत्या दिवशीचा, कोणत्या बँकेचा विक्रीदर धरणार ते निविदेतच छापा. विमा, वाहतूक, सीमाशुल्क धरून नाशिकच्या भांडारात पोहोच किंमत काढा. न्हावा-शेवापर्यंतचा दर पाहून एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराचा बोलीदार, ठरवलात तर तुलनेचा तक्ता चुकेल. पुरवठादाराच्या देशाचा निर्यात परवाना कोण काढणार आणि तो नाकारला गेला तर काय, हे करारात हवंच. युरोपीय संघात २०१९ चा नियम क्रमांक १२५ आहे. मिरचीअर्काचे फवारे आणि विजेचा धक्का देणारी हातातली साधनं बाहेर पाठवायला त्यात परवानगी लागते, काटेरी लाठ्यांना बंदीच आहे. ते तुमच्याकडून अंतिम वापराचं प्रमाणपत्र मागतील. त्यावर सही करणाऱ्याला ते आधी वाचायला द्या. साधन दुसऱ्याला द्यायचं नाही असं त्यात लिहिलेलं असू शकतं.

पतपत्रातून, म्हणजे बँकेच्या लेटर ऑफ क्रेडिटमधून, सगळी रक्कम एकदम सोडू नका. काही भाग इथल्या तपासणीनंतरच, आणि प्रशिक्षणानंतर. माल निघण्याआधी प्रत्येक बॅचमधले काही नग उचलून चाचणी झालीच पाहिजे. पोहोचल्यावर निदान तीन-चतुर्थांश आयुष्य शिल्लक असावं, ही अट माझी, आणि मी ती कधी सोडली नाही. मुदत उलटलेलं नळकांडं कसं पेटेल याचा भरवसा नसतो, आणि ते हातात घेणारा आपलाच शिपाई असतो.

साठा नोंदवहीत बॅच क्रमांक, उत्पादनाचा महिना आणि मुदत असे तीन स्वतंत्र रकाने आखा. मुदत संपलेल्या मालाच्या विल्हेवाटीचा खर्च पुरवठादाराकडे की आपल्याकडे, हे निविदापूर्व बैठकीतच विचारा. बोली उघडल्यावर ते मान्य करून घेता येत नाही.