रंगवून आलेली १९६५ ची मस्टँग रस्त्यावर कशी आणावी

नवा रंग लावलेली गाडी पेंटरकडून घरी आली की काम संपल्यासारखे वाटते, परंतु जुन्या गाड्यांचे कितीतरी जीर्णोद्धार नेमके याच टप्प्यावर रेंगाळतात. सांगाडा, पत्रा आणि इंजिन यांची कामे मोठी असली तरी त्यांचा क्रम उघड असतो. शेवटी हाती उरतात ते डब्यांत भरून ठेवलेले शेकडो लहान भाग, आणि ते चुकीच्या क्रमाने बसवले की आधीचे काम पुन्हा उचकटावे लागते. म्हणून येथे मुख्यतः क्रमच सांगितला असून त्यासाठी २८९ घनइंचाचे, म्हणजे सुमारे ४.७ लिटरचे, व्ही-८ इंजिन असलेली १९६५ ची फोर्ड मस्टँग उदाहरण म्हणून घेतली आहे.

भाग मागवण्यापूर्वी

प्रथम चालकाच्या दारावरील पट्टी वाचावी. तीवर गाडीच्या क्रमांकाबरोबरच मूळ रंग, आतील सजावट, गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलचे सांकेतिक अंक असतात. क्रमांकातील पहिला अंक ५ म्हणजे १९६५. पुढचे अक्षर कारखान्याचे, एफ म्हणजे डिअरबॉर्न, आर म्हणजे सॅन होजे आणि टी म्हणजे मेटचन. त्यानंतरचा आकडा बॉडीचा, ०७ हार्डटॉप (पक्क्या छताची), ०८ कन्व्हर्टिबल (उघडणाऱ्या छताची) आणि ०९ फास्टबॅक (मागे उतरत्या छताची). पाठोपाठ येणारे अक्षर इंजिनाचे असते. मात्र दार बदलले गेले असण्याची शक्यता धरून हा क्रमांक इंजिनाच्या कप्प्यात, डाव्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर ठोकलेल्या क्रमांकाशी ताडून पाहावा. ही मस्टँग १७ एप्रिल १९६४ रोजी लोकांसमोर आली आणि सुरुवातीच्या काही महिन्यांतील गाड्यांना अल्टरनेटरऐवजी जनरेटर होता, त्यामुळे नवे वायरिंग मागवताना आपली गाडी कोणत्या गटातील आहे हे माहीत असावेच लागते.

ब्रेक आणि वायरिंग

गालिचा आणि सीट बसवण्याआधी ही दोन्ही कामे उरकावीत. मूळ गाडीत ब्रेकचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबताच ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग, एकाच कप्प्याचा होता. कुठेही एक नळी फुटली तर चारही चाकांचा ब्रेक जातो. मस्टँगला दुहेरी मास्टर सिलिंडर १९६७ च्या मॉडेलपासून मिळाला. गाडी केवळ प्रदर्शनात उभी करायची नसेल, तर मूळपणाचा आग्रह येथे सोडून दुहेरी सिलिंडरच बसवावा असे माझे स्पष्ट मत आहे. ब्रेकमधील हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करावी, म्हणजे मागचे उजवे, मागचे डावे, पुढचे उजवे आणि शेवटी पुढचे डावे. नेहमीचे ब्रेक ऑइल रंग अक्षरशः सोलून काढते. त्यामुळे जवळ पाण्याची बादली ठेवावी आणि थेंब सांडताच पुसत न बसता भरपूर पाणी ओतावे.

वायरिंगमधील बहुतेक दोष नव्या रंगामुळे होतात, कारण दिवे आणि मीटर यांचे अर्थिंग बॉडीच्या पत्र्यातून होते आणि रंग वीज अडवतो. अर्थिंगच्या प्रत्येक बोल्टखालचा रंग नाण्याएवढ्या जागेत खरवडावा आणि इंजिन व बॉडी यांना जोडणारी पट्टी विसरू नये. बॅटरी प्रथमच जोडताना ऋण टोक आणि त्याची वायर यांच्यामध्ये १२ व्होल्टचा एक दिवा लावावा. दारे बंद आणि सर्व बटणे बंद असताना तो लख्ख पेटला, तर कुठेतरी शॉर्ट आहे असे समजावे. दिव्यामुळे विजेचा प्रवाह मर्यादित राहतो आणि नवी वायर जळत नाही. पेट्रोल आणि तापमानाचे मीटर सुमारे ५ व्होल्टवर चालतात, म्हणून ते चालतात का हे पाहण्यासाठी त्यांना थेट बॅटरी जोडू नये.

इंजिनाची पहिली वीस मिनिटे

नव्याने बांधलेल्या इंजिनाचे आयुष्य बऱ्याच अंशी पहिल्या वीस मिनिटांत ठरते, कारण या इंजिनात वॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टवर टेकणारे सपाट टॅपेट असतात आणि नव्या कॅमशाफ्टचा पृष्ठभाग त्यांच्याशी याच वेळी जुळतो. डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक सिलिंडरला ठिणगीची वीज वाटणारा भाग) बसवण्यापूर्वी त्याच्या भोकातून पाव इंची षट्कोनी दांडा ऑइल पंपापर्यंत घालून तो ड्रिलने घड्याळाच्या उलट दिशेने फिरवावा. काही क्षण ड्रिल हलकी फिरते, मग अचानक हाताला ओढ जाणवते, तिचा आवाज जड होतो आणि थोड्या वेळाने रॉकरच्या (वॉल्व्ह दाबणाऱ्या पट्ट्यांच्या) टोकांशी ऑइल पाझरू लागते. इंजिन मध्येमध्ये हाताने फिरवत दोन्ही बाजूंच्या सर्व रॉकरशी ऑइल दिसेपर्यंत हे चालू ठेवावे.

त्यानंतर पहिल्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या (मिश्रण दाबण्याच्या) फेरीत सर्वांत वर आणून डिस्ट्रिब्युटर बसवावा. प्रज्वलनाचा क्रम १-५-४-२-६-३-७-८ असा आहे. १ ते ४ हे सिलिंडर प्रवाशाच्या (उजव्या) बाजूला आणि ५ ते ८ चालकाच्या (डाव्या) बाजूला, दोन्हीकडे पुढून मागे मोजायचे. सात आणि आठ शेजारी असून लागोपाठ पेटतात, म्हणून त्यांच्या वायरी एकमेकींना चिकटून नेऊ नयेत. रेडिएटर भरलेला असावा, कार्ब्युरेटरच्या वाटीत आधीच पेट्रोल घालावे आणि जस्ताचे प्रमाण अधिक असलेले ऑइल वापरावे. स्टार्टर बराच वेळ फिरवत राहिल्यास कॅमवरचा वंगणाचा लेप निघून जातो. इंजिन पेटताच ते मिनिटाला सुमारे २००० फेऱ्यांवर न्यावे आणि २० ते ३० मिनिटे फेऱ्या थोड्या कमी-जास्त करत ठेवावे, आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडून मंद गतीवर, मुळीच सोडू नये. पाणी गळत असेल किंवा तापमान चढत असेल तर इंजिन सरळ बंद करून दोष काढावा आणि उरलेला वेळ नंतर पूर्ण करावा. शेवटी ऑइल व फिल्टर बदलून जुना फिल्टर कापून त्यात धातूचा कीस आहे का ते पाहावे.

छत, काचा आणि आतील सजावट

गालिच्याआधी पुढच्या काचेखालील हवेच्या जाळीत पाणी ओतून पाहावे. १९६५-६६ च्या मस्टँगमध्ये तेथील पत्रा आतून गंजतो आणि पाणी थेट प्रवाशाच्या पायांशी उतरते; वरून रंग कितीही चांगला असला तरी हा दोष दिसत नाही.

छताचे कापड काचांच्या आधी बसवावे, कारण त्याच्या कडा काचेच्या रबराखाली जातात. कापडाला आधार देणाऱ्या लोखंडी कमानी काढताना त्यांवर क्रमांक घातले नसतील, तर येथे अर्धा दिवस सहज जातो. लहान सुरकुत्या वाफेने जातात, मोठ्या मात्र कापड पुन्हा ओढूनच काढाव्या लागतात. पुढची काच बसवताना रबर प्रथम काचेभोवती चढवावे आणि त्याच्या आतल्या खाचेत नायलॉनची दोरी फिरवून दोन्ही टोके खालच्या बाजूला मध्यावर लोंबती ठेवावीत. खाचेला साबणाचे पाणी लावून काच चौकटीत टेकवावी, एकाने बाहेरून तळहाताने दाब द्यावा आणि दुसऱ्याने आतून दोरी हळूहळू ओढावी, म्हणजे रबराची पाळी पत्र्यावरून आत उलटत जाते. हे काम एकट्याने करू नये. त्यानंतर गालिचा, दारांची अस्तरे आणि सीट, या क्रमाने जावे.

क्रोमच्या पट्ट्या लावण्याआधी दारे, मडगार्ड आणि बॉनेट यांच्यातील फटी जुळवाव्यात. सर्वत्र ४ ते ५ मिलिमीटरची सारखी फट चांगली समजावी. बोल्ट थोडे सैल करून पत्रा हलवावा, मडगार्डखाली गरजेनुसार पातळ चकत्या घालाव्यात आणि जवळच्या कडांना आधी चिकटपट्टी लावावी, कारण नव्या रंगाचा टवका बहुधा याच कामात उडतो.

पहिली फेरी घराजवळच, कमी वेगाने आणि अग्निशामक सोबत ठेवून मारावी. परतल्यावर गाडीखाली पुठ्ठा पसरून रात्रभर ठेवावा. सकाळी त्यावर लाल डाग असेल तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, हिरवा असेल तर रेडिएटर आणि काळपट असेल तर इंजिन किंवा मागचा ॲक्सल तपासावा. सुमारे ८० किलोमीटरनंतर चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळावेत आणि मगच व्हील अलाइनमेंट करून घ्यावी, कारण नव्या स्प्रिंगा तोवर थोड्या बसलेल्या असतात.